‘काकू, आवाज करू नका’ म्हणणाऱ्याला भेटायचं का?

प्रश्न (पत्र थोडं कमी करून): अडीच वर्षांपूर्वी दिवेलागणीला बेल वाजली. दार मी उघडलं. दोन मुलं आत घुसली. एकाने माझ्या तोंडावर हात दाबला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘काकू, आवाज करू नका.’ दुसऱ्याने कपाट रिकामं केलं. चाहूल लागून सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. तोंड दाबणारा आधी पळाला, पळताना सासूबाईंना धक्का लागला, त्या पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा धड चालल्या नाहीत. वर्षभरात गेल्या. दोघंही पकडले गेले, शिक्षा झाली.

आता तुरुंगात काम करणाऱ्या एका संस्थेचं पत्र आलंय. त्या ‘काकू’ म्हणणाऱ्या मुलाने पीडितांचं दुःख समजून घेण्याचा काही कोर्स पूर्ण केलाय, त्याला मला भेटून माफी मागायची आहे. मिस्टर म्हणतात, त्याचा विषयही घरात नको. मुलगी म्हणते, जाऊन ये, मोकळी होशील. मला फक्त विचारायचंय की आमचंच घर का? बेलचे सेल मी केव्हाच काढून ठेवलेत, तरी संध्याकाळ झाली की बेल वाजल्याचा भास होतो. दार मी उघडलं नसतं तर सासूबाई आज असत्या. भेटावं का त्याला? आणि माफ केलं नाही तर चालेल का?

उत्तर:

आधी सोप्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. चालेल. आज नाही, भेटीत नाही, पुढे कधीच नाही, तरी चालेल. गुन्हेगार आणि पीडित यांच्या अशा भेटी घडवण्याचं काम नीट करणारे लोक पीडिताकडे माफीची अपेक्षा ठेवतच नाहीत. ज्यांना रिस्टोरेटिव्ह जस्टिसचे, म्हणजे शिक्षेपेक्षा झालेलं नुकसान भरून काढण्यावर भर देणाऱ्या न्यायविचाराचे, आजोबा म्हणतात त्या हॉवर्ड झेर यांनीसुद्धा स्वच्छ लिहून ठेवलंय की माफी किंवा दिलजमाई हा याचा मूळ हेतू नाही. ती कोणाला आपणहून द्यावीशी वाटली तर द्यावी, एवढंच. संस्थेतल्या कोणी फोनवर ‘माफ केलंत की तुम्हालाच हलकं वाटेल’ असा सूर लावला, तर तिथेच ‘नको’ म्हणून फोन ठेवा.

भेटावं का, याचं उत्तर मात्र एका शब्दात देता येणार नाही.

मिस्टरांना राग का येतोय ते मला कळतं. ‘भेटा आणि बोला’ म्हटलं की आपल्या कानांना ‘मिटवून टाका’ असंच ऐकू येतं. चार मोठी माणसं बसतात, झालं गेलं विसरा म्हणतात, पोराचं अख्खं आयुष्य पडलंय म्हणतात. ज्याचं नुकसान झालं त्याच्या आयुष्याबद्दल त्या बैठकीत चकार शब्द निघत नाही. तुम्हाला बोलावलंय ते याच्यासाठी असेल तर जाऊच नका. पण खऱ्या रिस्टोरेटिव्ह भेटीत गुन्हा झाला की नाही यावर घासाघीस नसते. तो झालाय आणि समोरच्याने केलाय, हे कबूल असल्याशिवाय भेट ठरवायचीच नसते. युरोपीय संघाने २०१२ मध्ये पीडितांच्या हक्कांसाठी जो निर्देश काढला त्यात हे नोंदवलेलं आहे. भेट पीडिताच्या हिताची असली तरच घ्यायची, आरोपीने मूळ घटना मान्य केलेली असली पाहिजे, आणि पीडिताने दिलेली संमती तिला वाटेल तेव्हा मागे घेता आली पाहिजे. वाटेल तेव्हा म्हणजे अगदी भेटीच्या खोलीत बसल्यावरसुद्धा. तुमच्याकडे हा कायदा लागू असो वा नसो, संस्थेला प्रश्न हेच विचारायचे.

या कामाचा जन्म कसा झाला ते सांगते, कारण त्यातली एक खोट तुम्हाला माहीत असायला हवी. १९७४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एल्मिरा नावाच्या छोट्या गावात दोन तरुण मुलांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. गाड्यांचे टायर फाडले, काचा फोडल्या. प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं की यांना त्या घरांपर्यंत पाठवूया. न्यायाधीशांनी मानलं. मुलं एकेक दार ठोठावत गेली, नुकसान किती झालं ते विचारलं आणि काही महिन्यांत पैसे भरून दिले. ही गोष्ट जगभर कौतुकाने सांगितली जाते. मला मात्र दर वेळी दाराच्या आतल्या माणसाची आठवण येते. संध्याकाळी दार वाजतं, उघडावं तर समोर तेच पोरगं. आज कोणी असं केलं तर मी त्याला वेड्यात काढीन. मुद्दा असा की हा विचार सुरू झाला तो मुलं सुधारावीत म्हणून. पीडिताचं काय, हा प्रश्न मागाहून आला आणि काही ठिकाणी अजून पोचायचाय. म्हणून संस्थेच्या माणसाला पहिल्याच फोनवर विचारा, ही भेट कोणाला हवी आहे? माझ्या भेटण्याने त्याची शिक्षा कमी होणार का, पॅरोलच्या अर्जाला माझी सही चिकटणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

तरीही मी तुम्हाला दार लावून घ्या म्हणत नाहीये. त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे.

मूळ पत्रात ‘दार मी उघडलं’ हे तीनदा आलंय, छापताना मी एक काढलं. आणि सासूबाईंच्या वेळी तुम्ही काय लिहिलंय? ‘धक्का लागला.’ दार उघडण्याला कर्ता आहे, तुम्ही. सासूबाईंना पाडण्याला कर्ताच नाही. धक्का आपोआप लागला जणू. अडीच वर्षं तुमच्या मनात या घटनेचं व्याकरण असं उलटं बसलंय. ज्याने केलं तो वाक्यातून गायब आणि बेल वाजल्यावर दार उघडणारी, म्हणजे कोणीही करेल तेच करणारी बाई, गुन्हेगार.

हे कोर्टाने सरळ करायला हवं होतं असं वाटेल. पण कोर्टात तुम्ही साक्षीदार होतात. दार किती वाजता उघडलं, दिवा लागलेला होता का, ओळख कशी पटली, हे तुम्हाला विचारलं गेलं असणार. तुम्ही कोणाला काही विचारायची सोयच तिथे नसते. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्ती यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं होतं. भांडण ज्यांचं असतं त्यांच्याकडून ते सरकार आणि वकील काढून घेतात, आणि पीडित माणूस एकदा गुन्ह्यात हरतो, दुसऱ्यांदा आपल्याच खटल्यात बाजूला पडतो. शिक्षा झाली तरी ‘आमचंच घर का’ हे तुमच्याकडे उरलं ते यामुळेच. याचं उत्तर जगात दोनच माणसांकडे आहे आणि त्यातला एक आज बोलायला तयार आहे.

अशा भेटींचा उपयोग होतो का, हे बऱ्यापैकी तपासून पाहिलेलं आहे. लंडनमध्ये लूट आणि घरफोडीच्या १९२ पीडितांवर प्रयोग झाला होता. म्हणजे जवळपास तुमच्यासारखीच माणसं. काहींची गुन्हेगाराशी समोरासमोर बैठक झाली, काहींची नाही, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. ज्यांची भेट झाली त्यांच्यात आघाताची तीव्र लक्षणं, म्हणजे दचकणं, झोप उडणं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसणं, असलेल्यांचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी निघालं. हीथर स्ट्रँग, लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे १० प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही भेटलेले पीडित न भेटलेल्यांपेक्षा समाधानी होते. पुन्हा गुन्हे करण्याचं प्रमाणही काहीसं उतरलं होतं. पण यात एक मेख आहे, ती कार्यकर्ते सहसा सांगत नाहीत. या प्रयोगांत दोन्ही बाजू आधीच भेटायला तयार होत्या, चिठ्ठ्या त्यांच्यातच टाकल्या. मनाविरुद्ध, मुलीच्या आग्रहाखातर गेलेल्या बाईचं काय होतं, ते हे आकडे सांगत नाहीत. तेव्हा ‘मोकळी होशील’ असं वचन मुलीने देऊ नये आणि तुम्ही घेऊ नये.

आता त्याच्या कोर्सबद्दल. तुम्ही ‘काही कोर्स’ असं जरा फटकून लिहिलंय, आणि मला ते आवडलं.

असे बरेच कार्यक्रम आहेत. सिकमोर ट्री नावाचा एक अनेक देशांच्या तुरुंगांत चालतो. नाव बायबलमधल्या जक्कयच्या गोष्टीवरून आलंय. तो कर वसूल करणारा, येशूला पाहायला सिकमोरच्या झाडावर चढलेला. पुढे तो कबूल करतो की ज्याला फसवलं त्याला चौपट परत देईन. कार्यक्रमात कैद्यांचा छोटा गट असतो आणि बाहेरून एखादा पीडित येतो. तो त्या कैद्यांचा पीडित नसतो, दुसऱ्याच कुठल्या गुन्ह्यातला असतो. तो आपल्या घराचं काय झालं ते सांगतो. चोरी म्हणजे फक्त वस्तू गेल्या असं समजणाऱ्या कैद्याला पहिल्यांदा कळतं की मागे राहिलेली बाई बेलचे सेल काढून ठेवते. शेवटी कैद्यांनी काहीतरी करून दाखवायचं असतं, काही जण पत्र लिहितात.

मी अशा गटांत थोडीफार बसले आहे. काही माणसं खरंच हादरतात. काही हादरल्यासारखं करायला शिकतात. बहुतेक मधे कुठेतरी असतात, आणि कोण कुठे आहे ते मला बाहेरून ओळखता आलेलं नाही. नुसतं दुःख समजलं की माणूस बदलतो, हे दिसतं तितकं सरळ नसतं. इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी वर्षानुवर्षं एक उपचार कार्यक्रम चालायचा, पीडिताबद्दल सहानुभूती जागवणं हा त्याचा एक भाग. २०१७ मध्ये सरकारनेच त्याचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. कार्यक्रम केलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता, न केलेल्या तशाच कैद्यांपैकी ८ टक्क्यांनी. कार्यक्रम बंद झाला. गुन्हा वेगळा, माणसं वेगळी, तेव्हा हा आकडा तुमच्या प्रकरणाला जसाच्या तसा लावू नका. पण कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे पश्चात्तापाची पावती नव्हे.

मग ओळखायचं कसं? रडण्यावर जाऊ नका. खरा माणूसही रडतो आणि खोटाही रडतो. क्रियापदाकडे कान द्या. ‘तेव्हा चूक झाली’, ‘संगत वाईट होती’, ‘आजींना धक्का लागला’, ही सगळी वाक्यं कर्ता लपवतात. आपली भाषा त्यासाठी फार सोयीची आहे, काहीही आपोआप घडवून आणता येतं. ‘मी तुमच्या तोंडावर हात दाबला. त्या समोर आल्या, मला पळायचं होतं, मी त्यांना ढकललं.’ हे त्याला म्हणता येतं का ते पाहा. म्हणता आलं तर त्या कोर्समध्ये काहीतरी झालंय. आणि तुम्ही वर्षानुवर्षं स्वतःच्या नावावर ठेवलेलं एक वाक्य तो आपल्या नावावर करून घेईल. माफी मागण्यापेक्षा मला हे मोठं वाटतं.

हे ऐकण्यासाठी समोरासमोर बसायलाच हवं असंही नाही. तुम्ही प्रश्न लिहून द्या, समन्वयक, म्हणजे भेट जुळवून आणणारा संस्थेचा माणूस, त्याच्याकडून उत्तरं आणेल. त्याने पत्र लिहावं, ते समन्वयकाने आधी वाचावं, तुम्हाला हवं तेव्हा उघडा किंवा कपाटात पडू द्या. व्हिडिओवर बोलता येतं. पुष्कळ जण पत्रावरच थांबतात. ती अर्धवट राहिलेली भेट नव्हे, तेवढंच हवं असतं.

आता ‘आमचंच घर का’ याच्या उत्तराची तयारी करा. पीडितांना वाटतं उत्तर मोठं असेल. कोणीतरी पाळत ठेवली असेल, कोणीतरी ओळखीच्याने माहिती दिली असेल, आपलंच काहीतरी चुकलं असेल. बहुतेक वेळा उत्तर फार फुटकळ निघतं. एका गृहस्थांनी या एका प्रश्नासाठी महिनाभर तयारी केली होती. कागदावर चार वेळा प्रश्न खोडून परत लिहिला होता. समोरचा म्हणाला, ‘तुमच्या शेजारी कुत्रा होता.’ बस्स, एवढंच. गृहस्थ आधी हसले. मग बराच वेळ त्या कागदाची घडी घालत आणि उलगडत बसले. बाहेर आल्यावर त्यांना राग आला होता, की इतक्या क्षुल्लक कारणासाठी? दोन-तीन आठवड्यांनी म्हणाले, मी आता शेजाऱ्यांकडे संशयाने बघायचं बंद केलंय. तुमच्या वाट्याला असंच काही आलं तर आधी संताप येईल. आणि उलट, खरंच कोणी ओळखीच्याने माहिती दिली होती असं निघालं तर? तेही ऐकायची तयारी आहे का, हे स्वतःला आधी विचारून ठेवा. नसेल तर तो प्रश्न विचारूच नका, दुसरे आहेत.

वेळेची घाई करू नका. अमेरिकेत टेक्सासमध्ये गंभीर हिंसक गुन्ह्यांच्या बाबतीत अशा भेटी १९९३ पासून सरकारी पातळीवर घडवल्या जातात, आणि तिथे सुरुवात फक्त पीडिताकडून होऊ शकते, कैद्याला मागणी करता येत नाही. तयारीलाच कित्येक महिने जातात. तुमच्या बाबतीत पत्र त्याच्या बाजूने आलं, म्हणून वेळ ठरवायचा हक्क पुरता तुमच्याकडे घ्या. समन्वयक तुम्हाला स्वतंत्रपणे दोन-तीनदा तरी भेटला पाहिजे, त्यालाही वेगळं भेटला पाहिजे. ‘पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, त्यात करून टाकू’ असं कोणी म्हटलं, फोटोचा विषय काढला, तर सरळ उठा.

संध्याकाळची ती बेल मात्र भेटीवर सोपवू नका. अडीच वर्षांनी भास होतोय, झोप नाही म्हणताय (ते वाक्य मी छापलं नाही), तर आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा आघातावर काम करणारा समुपदेशक गाठा. भेट म्हणजे उपचार नव्हे. शरीर इतकं ताठलेलं असताना त्या खोलीत गेलात तर त्याचा आवाज ऐकू येईल, शब्द ऐकू येणार नाहीत.

मिस्टरांना पटवायच्या भानगडीत पडू नका. त्यांची आई गेली आहे, तेही या गुन्ह्याचे पीडित आहेत, आणि ‘नको’ म्हणायचा त्यांना तुमच्याइतकाच हक्क आहे. फक्त लपवून जाऊ नका. त्यांच्याकडे एकच मागा, मी काय ठरवते ते मला ठरवू द्या. त्यांना समोर न येता काही विचारायचं असेल तर एक ओळ लिहून तुमच्याकडे द्यावी. देतीलच असं नाही. सोबत मुलगी चालेल, मैत्रीण चालेल, पण जी व्यक्ती तुमच्या आधी रडेल तिला नेऊ नका.

पहिल्या फोनवर हो किंवा नाही काहीच सांगू नका. प्रश्न विचारायला फोन केलाय म्हणा. वर आलेले विचाराच, शिवाय हे दोन. खोलीत दाराजवळची खुर्ची माझी असेल ना? आणि तो मला काय म्हणून हाक मारणार? हे तुम्ही ठरवू शकता. आडनाव लावून म्हणायला सांगा, ‘मॅडम’ म्हणायला सांगा, नाहीतर हाकच मारू नको म्हणा. समन्वयक त्याला आधीच सांगून ठेवेल. ‘काकू’ म्हणायचं नाही.